मुलांच्या पुस्तकाबद्दल मत लिहायचंय? आधी मूल कुठे थांबलं ते लिहा

माझ्या जुन्या टिपणवहीत एक वाक्य अकरा वेळा आलंय. ‘सुंदर पुस्तक. मुलांना नक्की आवडेल.’ मध्यंतरी वही चाळताना मी ते मोजलं आणि त्या अकरांपैकी किती पुस्तकं आठवतात ते पाहिलं. चार आठवली. उरलेल्या सातांत काय होतं, कुणासाठी होतं, मला ती सुंदर का वाटली होती, काही म्हणजे काही आठवेना.

मी गेली बारा वर्षं दर शनिवारी मुलांच्या वाचनगटात बसते. आधी सात-आठ वर्षांची पिल्लं येतात, ती पांगली की आवाज फुटलेली मोठी मुलं. पुस्तकं पुढे करायची आणि प्रत्येकाबद्दल एक टिपण लिहून मुखपृष्ठाच्या आत चिकटवायचं, एवढं माझं काम. पुढचं मूल, किंवा त्याचे आईबाप, ते वाचून ठरवतात. त्या अकरा ओळींची लाज वाटल्यावर मी टिपण लिहायची रीत बदलली. तीच इथे सांगते. घरातल्या एकाच मुलासाठी लिहा, वर्गासाठी लिहा नाहीतर चार मैत्रिणींना कळवायला लिहा, फार फरक पडत नाही.

पानाला मधोमध घडी

कागद घ्या आणि उभी घडी घाला. डावीकडे मुलाचं वाचन, उजवीकडे तुमचं. ही घडी मोडायची नाही. मुलांच्या पुस्तकांवरची बहुतेक मतं बिघडतात ती इथेच. लिहिणारी व्यक्ती चाळिशीची असते, तिला स्वतःचं बालपण आठवून गहिवरून येतं, आणि ती लिहिते ‘मुलांना आवडेल’. मुलं त्या खोलीत नसतातच.

तुमचं मत नकोच, असं मी म्हणत नाही. ते हवं. भाषा सुबक आहे का, भाषांतर असेल तर संवाद तोंडात बसतात का, माहितीच्या पुस्तकात चुका आहेत का, चित्रकाराने कष्ट घेतलेत की उरकलंय, हे मुलाला सांगता येणार नाही. तुम्हाला येईल. फक्त ते तुमच्या नावाने, उजव्या बाजूला.

डावी बाजू भरायला पुस्तकाबरोबर एखादं मूल लागतं. नसेलच जवळ तर डावी बाजू कोरी सोडा आणि टिपणात सरळ लिहा, ‘अजून कुठल्या मुलाने वाचलेलं नाही.’ मला या ओळीची सुरुवातीला फार लाज वाटायची. आता असं टिपण पाहिलं की एखादं मूल मुद्दाम तेच पुस्तक उचलतं, पहिला नंबर लावायला.

आधी बघा, मग विचारा

लहान मुलाला पुस्तक कसं वाटलं ते त्याच्या तोंडाआधी त्याचे हात सांगतात. मोठ्याने वाचून दाखवताना मी मांडीवर पेन्सिल ठेवते आणि चार गोष्टी टिपते. कुठल्या पानावर त्याने पान उलटू दिलं नाही. कुठे त्याने स्वतः मागचं पान उघडलं. कुठे मध्येच प्रश्न विचारला, आणि नेमका काय. आणि कुठून त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. बस्स, पानांचे आकडे आणि एखादा शब्द. एकदा एका पाच वर्षांच्या मुलीने एका पुस्तकातलं एकच पान सहा वेळा उघडायला लावलं. गोष्ट तिथे काहीच घडत नव्हती. कोपऱ्यात एक गोगलगाय होती आणि ती प्रत्येक पानावर जराशी पुढे सरकलेली होती. मी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. मला गोगलगाय दिसलीच नव्हती.

त्यामुळे चित्रपुस्तकावर मत लिहायचं असेल तर ते दोनदा वाचा, एकदा शब्दांसकट आणि एकदा अक्षरांवर हात ठेवून. मॉरिस सेंडाकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या १९६३ सालच्या पुस्तकात चित्रं सुरुवातीला छोट्या चौकटीत असतात, गोष्ट रानात शिरते तशी मोठी होत जातात, आणि ऐन धिंगाण्याच्या वेळी तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. अशा पुस्तकाचं ‘मजकूर फार कमी आहे’ असं मत देणारा मोठा माणूस मी पाहिलाय. पैसे आणि शब्द यांचा हिशेब घालत होता बिचारा.

‘आवडलं का?’ हे विचारू नका

याचं उत्तर ‘हो’ येतं. तुम्ही पुस्तक दिलंत, तुम्ही समोर बसलात, तुमचा चेहरा उत्सुक आहे; मूल दुसरं काय सांगणार? आणि त्याच्या मागोमाग येणारा ‘का आवडलं?’ तर थेट परीक्षेच्या पेपरातून उठून आल्यासारखा वाटतो. मुलं लगेच सावध होतात आणि तात्पर्य सांगायला लागतात. ‘यातून आपल्याला खरं बोलावं हे शिकायला मिळतं.’ हे वाक्य कानावर पडलं की समजावं, संभाषण संपलं.

इंग्लंडमधले लेखक-शिक्षक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांवर बोलायची एक पद्धत बसवली. त्यांचं ‘टेल मी’ हे पुस्तक १९९३ मध्ये आलं. त्यांनी ‘का’ टाळून ‘मला सांग’ अशी सुरुवात धरली आणि मुळाशी चारच विचारणा ठेवल्या: आवडलेलं काही, नावडलेलं काही, कोड्यात टाकणारं काही, आणि पुन्हा पुन्हा येतंय असं दिसलेलं काही. मी हे बारा वर्षं वापरतेय. माझा अनुभव असा की पहिल्या दोन विचारणांवर मुलं गुळमुळीत बोलतात आणि तिसरीवर फुटतात. ‘काही कळलं नाही असं होतं का?’ म्हटलं की मोठ्यांना ती तक्रार वाटते. मुलांना ती खजिन्याची चावी वाटते. ‘मला ना, एक कळलं नाही, राजाला जर माहीत होतं की ती चेटकीण आहे, तर त्याने तिला जेवायला का बोलावलं?’ आता लेखकाला याचं उत्तर आहे की नाही ते बघायला मलाही पुस्तक पुन्हा उघडावं लागतं.

मी स्वतः आणखी दोन प्रश्न जोडलेत. एक, ‘हे पुस्तक कुणाला देऊ नको?’ कुणाला द्यावं हे विचारलं तर ‘सगळ्यांना’ म्हणतात. कुणाला नको म्हटलं की बरोबर माणूस ओळखून सांगतात: ‘ज्याला लगेच रडू येतं त्याला नको.’ ‘माझ्या भावाला नको, तो मधलं मधलं सोडतो आणि यात मधलंच महत्त्वाचं आहे.’ दुसरा प्रश्न, ‘बोअर’ असं उत्तर आलं की विचारायचा: ‘कुठल्या पानापासून?’ बोअर हा शब्द म्हणजे गाठोडं आहे. सोडलं तर आतून चार वेगवेगळ्या गोष्टी निघतात: शब्द कठीण होते, गोष्ट हलतच नव्हती, शेवट आधीच कळला, किंवा ‘हे बाळांचं आहे’. पान नंबर मिळाला की यातलं कुठलं ते तुम्हीच पाहू शकता. पहिल्याच पानापासून असेल तर बहुधा अक्षर. तिसाव्या पानापासून असेल तर लेखक.

मुलाचं वाक्य दुरुस्त करू नका

१९३६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी एक हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. एका अभिप्रायाला एक शिलिंग असा बापलेकांचा व्यवहार होता. रेनरने थोडक्यात गोष्ट सांगितली, शुद्धलेखनाच्या चुका केल्या, नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही असं बजावलं आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल असं लिहून मोकळा झाला. पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. ते जे. आर. आर. टोल्किन यांचं गाजलेलं ‘द हॉबिट’.

मला या अभिप्रायात सगळ्यात आवडतं ते ‘पाच ते नऊ’. हा मुलगा दहाचा. म्हणजे त्याच्या मते पुस्तक छान होतं, पण आता आपण त्यातून बाहेर पडलो, हे दाखवायला विसरला नाही! एखाद्या मोठ्याने हे वाक्य ‘सर्व वयोगटांसाठी’ असं सुधारून घेतलं असतं तर दहा वर्षांचं ते मूलपण कागदावरून पुसलं गेलं असतं.

तेव्हा मुलाचं बोलणं जसंच्या तसं उतरवा. ‘तो कुत्रा भारी होता पण माणसं नुसती बोलत होती’ याचं ‘प्राण्याचे पात्र उत्तम रंगवले आहे, मात्र संवाद लांबले आहेत’ करू नका. मागे फक्त वय टाका. नाव घालायची गरज नाही. वय मात्र हवंच, आणि तारीखही, कारण आठव्या वर्षीचं मत नवव्या वर्षी टिकतंच असं नाही.

टिपणात काय असावं

इथे मी जरा शिस्तीची आहे. मत वाचणाऱ्याला तुमचं कौतुक नको असतं, त्याला ठरवायचं असतं. हातात एक मूल आहे, त्याला हे पुस्तक चालेल का? त्याला लागणारी माहिती कोरडी असते. पानं किती, प्रकरणं किती, एक प्रकरण मोठ्याने वाचायला किती मिनिटं लागतात. झोपण्याआधी वाचून दाखवणाऱ्या आईला ‘सात मिनिटं’ ही माहिती दहा विशेषणांहून मोलाची.

मग अक्षर. मराठीत वाचायला नुकतंच शिकलेलं मूल जोडाक्षरापाशी अडखळतं. ‘स्वातंत्र्य’ किंवा ‘उच्छ्वास’ एका पानावर तीनदा आला की गोष्ट कितीही चांगली असो, ते पुस्तक त्या मुलासाठी भिंत होते. म्हणून मी मधलं कुठलंही एक पान उघडते आणि जोडाक्षरं मोजते. ओळींमधली जागा बघते. शब्द ओळीच्या शेवटी तोडलेत का बघते, कारण नवीन वाचक तुटलेला शब्द दोन वेगळे शब्द समजून वाचतो. असलं काही कुणी मतात लिहीत नाही आणि नेमकं हेच हवं असतं.

वयाचं म्हणाल तर ‘८ ते १२’ असं लिहून काही साधत नाही. त्या चार वर्षांत मूल ओळखू येणार नाही इतकं बदलतं. त्याऐवजी दोन गोष्टी वेगळ्या लिहा: ऐकायला कुणाला चालेल, आणि एकट्याने वाचायला कुणाला. यांत सहज दोन-तीन वर्षांचं अंतर पडतं. सहा वर्षांची मुलं ऐकताना जी गोष्ट चाटून पुसून खातात ती वाचायला त्यांना नववं वर्ष लागू शकतं.

आणि जड गोष्टी सांगा. हे मी चूक करून शिकले. एका पुस्तकाचं मी भरभरून टिपण लिहिलं होतं, प्रवास, डोंगर, मुलगा आणि त्याचा कुत्रा. कुत्रा शेवटी मरतो हे लिहिलं नाही, कारण उत्सुकता मारायची नव्हती. एका आठ वर्षांच्या मुलाने ते नेलं. त्याचा स्वतःचा कुत्रा दोन आठवड्यांपूर्वी गेला होता. पुढच्या शनिवारी त्याने पुस्तक माझ्यासमोर ठेवलं, काही बोलला नाही, आणि पुढचे दोन महिने माझ्या हातून पुस्तक घेतलं नाही. स्वतः शोधून घ्यायचा, मागची पानं आधी वाचून.

आता मी टिपणाच्या मागच्या बाजूला, उलट्या अक्षरांत, एक ओळ लिहिते. ‘पाळीव प्राण्याचा मृत्यू आहे, शेवटच्या भागात.’ ‘आईवडील वेगळे होतात, भांडण दाखवलेलं नाही.’ ‘एका मुलाला वर्गात छळतात, दोन प्रकरणं, वाचताना त्रास होतो.’ नेमकं काय, कुठे, किती. ‘काही भाग संवेदनशील मुलांना योग्य नाही’ असं मोघम लिहिलं की घाबरट आईबाप पुस्तकच बंद करतात, आणि ज्या मुलाला त्याची गरज होती त्यालाही ते मिळत नाही. ज्याला रहस्य हवं तो मागची बाजू बघत नाही. कुत्रा गेलेल्या त्या मुलाला मी ही मागची बाजू दाखवली होती. मान हलवली त्याने, बाकी काही नाही.

नमुना म्हणून दोन टिपणं देते. पुस्तक एकच, नाव मुद्दाम गाळलंय. आधीचं: ‘मैत्रीचं महत्त्व सांगणारी हृदयस्पर्शी कथा. ओघवती भाषा. प्रत्येक मुलाने वाचावी अशी.’ नंतरचं: ‘शाळा बदललेल्या मुलीची गोष्ट. ११२ पानं, १४ प्रकरणं, एकेक सात-आठ मिनिटांचं. पहिली दोन प्रकरणं सामान बांधण्यात जातात. तिघींपैकी दोघींनी तिथेच ठेवलं. एकीला तिसऱ्यापासून वाचून दाखवलं, मग उरलेलं तिने दोन दिवसांत संपवलं. अक्षर मोठं, जोडाक्षरं बरीच. चित्रं फक्त प्रकरणाच्या डोक्यावर. शेवट मला ओढूनताणून गोड केलेला वाटला. “मला वाटलं ती परत जुन्या शाळेत जाईल. नाही गेली ते बरं झालं.” वय ९.’ यात ‘सुंदर’ शब्द नाही. हे टिपण चिकटवल्यापासून पुस्तक कपाटात टिकत नाही, आणि नेणारे सरळ तिसऱ्या प्रकरणापासून सुरू करतात.

तेरा ते सतरा: तुम्ही जरा बाजूला व्हा

मोठ्या मुलांच्या बाबतीत वरचं निम्मं चालत नाही. त्यांच्याकडे बघत बसलात तर ती पुस्तक बंद करतात. त्यांना प्रश्न विचारला तर खांदे उडवतात. मी एक डबा ठेवलाय, झाकणाला फट. चिठ्ठीवर नाव नको, वय लिहिलं तर लिहा. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरचं मतही चालेल, हे डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत पुस्तक पुरं न करण्याचा आणि पानं गाळण्याचा हक्क आहे. ते वाचून दाखवलं त्या दिवशी डब्यात एकदम चौदा चिठ्ठ्या पडल्या. इतके दिवस ‘पुरं वाचलं नाही तर बोलायचं नाही’ असं धरून बसली होती ही मुलं.

त्यांच्या मतांत एक कसोटी पुन्हा पुन्हा येते आणि ती मला कधी सुचली नसती: ‘आमच्या वयाचं कुणी असं बोलत नाही.’ एस. ई. हिंटन या अमेरिकी लेखिकेचं ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये निघालं तेव्हा ती अठराची होती; लिहायला लागली तेव्हा शाळेत होती. पुस्तकातली मुलं खरी बोलतात की मोठ्या माणसाने मुलांचा आवाज काढलाय, हे पंधरा वर्षांचं मूल दुसऱ्या पानावर ओळखतं. तुम्हाला ते ओळखता येत नाही, मलाही नाही. त्यामुळे या वयाच्या पुस्तकांवर माझी उजवी बाजू अगदी आखूड असते.

तिथे मी लिहिते ती फक्त वस्तुस्थिती. प्रेमप्रकरण आहे का आणि कुठवर जातं, शिव्या आहेत का, नशा आहे का, स्वतःला इजा करून घेण्याचा प्रसंग आहे का आणि तो किती तपशिलाने आलाय. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ हे दोन शब्द मी टिपणातून हद्दपार केलेत. ते वाचून मुलांना पुस्तकाबद्दल काही कळत नाही. माझ्याबद्दल मात्र सगळं कळतं. स्वतःला इजा करून घेण्याचा प्रसंग असलेलं पुस्तक असेल तर मी एक जादा गोष्ट करते: देताना ‘वाचून झालं की मला भेट’ एवढंच म्हणते, आणि खरंच वाट बघते.

तारे, गुण, दहापैकी किती, हे मी देत नाही. मागितलेच तर मुलांना एकच आकडा विचारते, ‘किती वेळा वाचलंस?’ एका तेरा वर्षांच्या मुलीने एक जाडजूड पुस्तक ‘ठीकठाक’ म्हणून परत केलं होतं आणि ते पाचव्यांदा नेत होती.

न आवडलेल्या पुस्तकाचं टिपण लिहायला हात अडखळतो. कुणीतरी कष्टाने लिहिलेलं असतं. माझा तोडगा असा की नावडलेल्या गोष्टीला जागा द्यायची, पान नंबर द्यायचा आणि थांबायचं. ‘पान ४० ते ७० मध्ये आजोबा सलग उपदेश करतात.’ पुढे ‘कंटाळवाणं’ लिहायची गरज उरत नाही. आणि कुणाला उपदेशक आजोबा आवडतही असतील. टोमणे मात्र नकोत. टोमणा वाचायला मजा येते, पण त्यात पुस्तक कमी आणि टोमणेबाजच जास्त दिसतो. माझे काही टोमणे होते वहीत, चांगले जमलेले. फाडले. एक ठेवलाय, पण चिकटवणार नाही.

टिपण एकदा लिहून संपत नाही. खाली जागा मोकळी सोडा, पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा. वर्षभराने बघा, तुमच्या ओळींखाली दुसऱ्या हस्ताक्षरांच्या ओळी आलेल्या असतात, काही तुम्हाला खोडून काढणाऱ्या. ‘मावशी म्हणतात तेवढं भीतीदायक नाहीये. वय ७.’ त्याखाली दुसऱ्याने: ‘आहे. वय ७.’ दोन्ही राहू द्या. गेल्या महिन्यात एका रहस्यकथेच्या टिपणाखाली, माझ्या सगळ्या मिनिटांच्या आणि जोडाक्षरांच्या हिशेबाखाली, कुणीतरी वाकड्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं: ‘पान ६२ फाटलंय. तरी चोर कोण ते कळतं.’